मागच्या सीटवरची शाळा

मुलुंड, ८ जुलै २०२४

आबा,

जयभीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहायला तुम्हीच शिकवलं होतं. आज ते लिहीत नाही.

फोन उचलणार नाही, काही सांगायचं असेल तर लिहून कळव, असं तुम्ही दारात उभं राहून म्हणालात. घाटकोपर ते मुलुंड केवढंसं अंतर, आणि मी पोस्टाच्या पाकिटासाठी दुकानं धुंडाळत फिरले. घ्या, कळवते. धम्मपाल आणि संघमित्रा शाळेत गेलेले नाहीत. शाळा सुरू होऊन महिना होत आला. जूनमध्ये हिची अक्कल ठिकाणावर येईल असं तुम्हाला वाटलं असेल. नाही आली.

मे महिन्यात तुम्ही मला बोलू दिलं नाहीत. आता वाचा.

धम्मूच्या टीचरनं स्कॉलरशिपचे कागद गोळा करायला वर्गातल्या काही मुलांना उभं केलं. हा त्यांच्यात. कुणीतरी विचारलं, हे का उभे? टीचर हसून म्हणाली, "अरे, यांना टेन्शन नसतं. तुम्ही अभ्यास करा." बस, एवढंच. ती संध्याकाळपर्यंत विसरलीही असेल. वर्ग नाही विसरला. धम्मूचं नाव 'नो टेन्शन' पडलं. गणितात तो वर्गात पहिला आला, तेव्हा शेजारी बसणारा मुलगा म्हणाला, "तुला कशाला पाहिजेत यार एवढे मार्क? वाया घालवलेस."

मग रोज सकाळी याच्या पोटात दुखायला लागलं. मी स्वतः दवाखान्यात काम केलेली बाई, तरी सोनोग्राफीपर्यंत गेले. शेवटी धाकट्या मितूनं सांगितलं. त्यानं तिला आईची शपथ घातली होती. ती सात वर्षांची पोर शपथ मोडून माझ्या कुशीत रडली, कारण तिला वाटलं आता मी मरणार.

मी प्रिन्सिपलकडे गेले. त्या म्हणाल्या, "मॅडम, बच्चे हैं. आप बहुत सेन्सिटिव्ह हैं." मी त्याच आठवड्यात दोघांचे दाखले काढले. मितूला का काढलं म्हणून तुम्ही विचारलंत. मग काय, तिचा नंबर लागेपर्यंत थांबायचं होतं?

तुम्ही तुमचं चौथीचं सांगितलंत. दाराजवळ, चपलांच्या बाजूला बसून शिकलो, मास्तर पाटीला हात लावायचे नाहीत, तरी पळालो नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि प्रत्येक वेळी माझ्या अंगावर काटा आलाय. त्या दिवशी पहिल्यांदा राग आला. तुम्ही चपलांजवळ बसलात म्हणून माझ्या पोरानंही बसायचं का, असं मी विचारलं. आई रडायला लागली. तुम्ही म्हणालात, पोरं शाळेत जाईपर्यंत या घरात पाऊल ठेवायचं नाही.

पोरं आत बसून ऐकत होती, आबा. जिन्यात मितूनं विचारलं, "शाळेत नाही गेलं तर आबा आपले आबा नसतात का?"

मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही.

दर्शना

मुलुंड, ११ ऑगस्ट २०२४

आबा,

आईचा फोन होता. तुम्ही खाली फिरायला गेलात की ती करते, हे तुम्हालाही माहीत असणार. माझ्या पत्रातल्या चुकांखाली तुम्ही लाल रेघा मारल्यात म्हणे. ऱ्हस्व-दीर्घाच्या मध्ये जे लिहिलंय तेही वाचलंत का?

गाडीत घालून पोरांना गावभर हिंडवते, असं तुम्ही मधुकरकाकांना सांगितलंत. काकांनी मला फोन करून विचारलं, घरदार सोडलंस काय गं? म्हणून नीट सांगते. हॉस्पिटल सोडल्यापासून मी पेशंटच्या घरी जाऊन फिजिओथेरपी करते. आकाशची नोकरी तारापूरला, तो घरी रविवारी येतो. पोरांना घरात कोंडून जाऊ? मग ती गाडीत असतात. आणि गाडीत बसलीच आहेत तर शिकतात. मुलुंडहून निघालं की पवईपर्यंत गणित, अंधेरीपर्यंत मराठी, आणि हायवेला लागलं की त्यांना जे विचारायचं ते. गाडी अडकली की माझा जीव जातो, पोरं खूश होतात.

परवा एक रिक्षा मध्ये घुसली, मी करकचून ब्रेक दाबला. मितूचा डबा पुढच्या सीटवर आपटला. ती ओरडली, "मी नाही फेकला!" धम्मू म्हणाला, "गाडी थांबली, डब्याला कुणी सांगितलंच नाही थांबायला." आबा, जडत्व यापेक्षा सोपं करून कुणी सांगितलंय? माझ्या पिशवीत प्लॅस्टिकचा गुडघा असतो, पेशंटला दाखवायला. मितू तो मांडीवर घेऊन बसते आणि हाडांची नावं म्हणते. दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका शोधायचा खेळ आहे आमचा. त्यात ती धम्मूला हरवते. लाल रेघा मारायचा गुण तिच्यात कुठून आला ते सांगायला नको.

धम्मूचं पोट दुखत नाही. एकदाही नाही. तो पुन्हा बडबड करायला लागलाय. मागच्या आठवड्यात आरशात मला दिसलं, तो मितूला अपूर्णांक समजावत होता, बोट नाचवत, अगदी तुमच्यासारखा. मी रडले. डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून सांगितलं त्यांना.

तुम्ही त्याला दर रविवारी गणिताची कोडी घालायचात. आता त्यानं तो विषय काढणं बंद केलंय. मीही काढत नाही.

दर्शना

मुलुंड, ६ ऑक्टोबर २०२४

आबा,

तुमच्याकडून एक ओळ नाही. तरी लिहितेय, कारण आकाशला सांगितलं तर तो म्हणतो, "तूच ठरवलंस ना, तू बघ." आणि मैत्रिणींना सांगितलं तर त्या म्हणतात, सांगितलं होतं ना.

ऊन फार वाढलंय. अंधेरीच्या आजींची सून भली आहे, ती पोरांना आत बोलावून पंख्याखाली बसवते. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र बोरिवली असते. तिथले गृहस्थ लकव्यानं पडलेत, घर लहान, दुसऱ्याच्या पोरांना कुठे बसवणार? पोरं खाली पार्किंगमध्ये गाडीतच असतात. काचा अर्ध्या उघड्या ठेवते. पाणी असतं. धम्मू मोठा आहे. मी मध्ये एकदा गॅलरीतून डोकावते. वॉचमन कुरकुरतो, "मॅडम, बच्चा लोग को ऐसा मत छोडो, सेक्रेटरी बोलता है." सेक्रेटरीला काय, त्याला गेटसमोर कबूतर बसलेलं चालत नाही.

परवा मितूला उलटी झाली. काही विशेष नाही, सकाळी दूध प्यायली होती. मी खाली आले तोवर धम्मूनं तिचं तोंड धुऊन तिला सावलीत बसवलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, आज उशीर केलास तू." उशीर झालाच होता. त्या गृहस्थांनी पहिल्यांदा डावा हात उचलला, त्यांची बायको रडत होती, मी कशी निघणार?

आणखी एक गोष्ट. तुम्हाला बरं वाटेल म्हणून सांगत नाही. सिग्नलला शाळेची बस शेजारी येऊन थांबली की धम्मू खाली वाकतो. बुटाची नाडी बांधायचं नाटक करतो. त्याचे बूट वेल्क्रोचे आहेत. परवा बसमधल्या एका मुलानं काचेतून हात हलवला, ओळखीचा नव्हता, उगाच. धम्मू म्हणाला, "आई, काच वर कर." मी केली.

हे वाचून तुम्ही आईला म्हणाल, बघ. म्हणा.

दर्शना

मुलुंड, २५ ऑक्टोबर २०२४

आबा,

आज मी तुम्हाला विनंती करायला लिहितेय. समोर उभी राहून करायला तुम्ही दार उघडलं नसतंत.

आज बोरिवलीहून खाली उतरले तर गाडीजवळ एक बाई आणि एक माणूस. साधे कपडे, गळ्यात ओळखपत्रं. बाई वाकून मितूशी बोलत होती. मितू तिला प्लॅस्टिकचा गुडघा दाखवत होती. मला वाटलं कुणाला पत्ता विचारायचाय.

"तुम्ही यांच्या आई? बाल संरक्षण विभागाकडून आलोय. तुमच्याविरुद्ध तक्रार आहे."

"कसली?"

"मुलांना शाळेत पाठवत नाही. उन्हात बंद गाडीत सोडून जाता."

"बंद नाही. काचा उघड्या आहेत, बघा ना!"

"आता बघितलं ते लिहिलंय. बाकीचं बाल कल्याण समितीसमोर सांगा. दोन्ही मुलांना घेऊन या."

तिच्या आवाजात काही वाईट नव्हतं. तेच जास्त लागलं. वॉचमन बघत होता, तिसऱ्या मजल्यावरून लोक बघत होते. माझ्या पेशंटची बायको गॅलरीत. धम्मूनं मला विचारलं, "तुला पकडणार का?" मी म्हटलं, वेडा आहेस का. आणि गाडी सुरू केली.

त्यांना गाडीचा नंबर माहीत होता, मी कुठल्या वारी येते ते माहीत होतं. हे त्या सेक्रेटरीचंच काम. त्याच्याशी मी एकदा पार्किंगवरून भांडले होते. आकाश म्हणतो वकील करू. वकील काय सांगणार? घरी शिकवणं हा गुन्हा नाही, एवढं मलाही माहीत आहे. पण समितीतल्या माणसांना मी कोण? नोकरी सोडलेली, पोरं गाडीत घेऊन फिरणारी कुणीतरी बाई.

तुम्ही पालिकेच्या शाळेत उभी हयात काढलीत. तुम्ही नुसते माझ्या शेजारी येऊन बसा. बोलूही नका. मी या पोरांचा आजोबा, मी शिक्षक, पोरं नीट शिकतायत, एवढं त्यांनी विचारलं तर सांगा. तुम्ही धम्मूची परीक्षा घ्या हवं तर. सातवीचं गणित विचारा, तो सहावीचा आहे तरी विचारा. नाही आलं तर मी उद्या शाळेत घालते. शब्द देते.

मे महिन्यात मी जे बोलले त्याबद्दल आज भांडत नाही. या, आबा. सोळा नोव्हेंबर, सकाळी अकरा. पत्ता मागे लिहिलाय.

तुमची
दर्शना

मुलुंड, १७ नोव्हेंबर २०२४

कुंडलिक गुरुजींना,

काल जे झालं ते तुमच्या समोरच झालं. तरी मी लिहिणार आहे, कारण तुम्हाला ते एका बाजूनं दिसलं.

आम्ही जिना चढून वर आलो. कॉरिडॉरमध्ये बाकावर तुम्ही बसला होतात. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, मांडीवर फाइल. मी आकाशचा हात धरला आणि म्हटलं, "आले रे. बघ, आबा आले." सहा महिन्यांत मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. मितू "आबा!" करून धावली. तुम्ही तिला मांडीवर घेतलंत, तिचे केस मागे सारलेत, दात कधी पडला विचारलंत. धम्मू तुमच्या बाजूला बसला, अगदी खेटून. तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलात. मी तुमच्या पाया पडले.  मला वाटलं, फाइल आमच्यासाठीच आणलीय.

मग शिपायानं दारातून पुकारलं, "तक्रारदार कोण? कुंडलिक इंगोले!"

आणि तुम्ही मितूला मांडीवरून उतरवलंत, फाइल घेतलीत आणि उठलात.

मितूला कळलं नाही. ती तुमच्यामागे निघाली, आकाशनं तिला धरलं. धम्मूला कळलं. मी त्याचं तोंड बघितलं. 'नो टेन्शन' ऐकून आल्यावर ते कसं झालं असेल, ते मला काल कळलं.

आत तुम्ही जे बोललात ते मी शब्दन् शब्द ऐकलं. तुम्ही म्हणालात, "मी नोकरीत असताना मूल शाळेबाहेर दिसलं की त्याच्या झोपडीत जायचो. बापाच्या शिव्या खाल्ल्यात, एकदा मारही खाल्लाय. पण मूल आणलं. आता हे माझ्या मुलीचं आहे म्हणून सोडू?" अध्यक्षबाईंनी मान डोलावली. मलाही, खोटं कशाला बोलू, त्या क्षणी तुमचा अभिमान वाटला. पुढच्या क्षणी त्यांनी तक्रार वाचून दाखवली. मंगळवार, शुक्रवार. बोरिवलीचा पत्ता, जो मी आईला फोनवर सांगितला होता. अर्ध्या उघड्या काचा. मुलीला उलटी. आईला उशीर. बसमधला मुलगा. माझीच वाक्यं, शुद्धलेखन सुधारून. मी बापाला लिहिलं होतं, तुम्ही ते तक्रारदाराला दिलंत.

मला नुसतं एवढं विचारायचंय. मितूला उलटी झाली हे वाचून तुम्ही मुलुंडला का नाही आलात? मंगळवारी नि शुक्रवारी पोरं माझ्याकडे सोड, अशी एक ओळ लिहून का नाही कळवलंत? घाटकोपर काही लांब नाही. तुमच्या घरी पंखा आहे, आई आहे, फळासुद्धा आहे भिंतीला. पोरं शाळेत जाईपर्यंत पाऊल ठेवायचं नाही, या तुमच्या शब्दापुढे पोरीची उलटीसुद्धा लहान झाली.

धम्मूला त्यांनी एकट्याला आत नेलं. तो बाहेर आल्यावर अध्यक्षबाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "मुलं हुशार आहेत. तुम्ही मेहनत घेता, ते दिसतं. यापुढे गाडीत सोडून जायचं नाही, तेवढं लेखी द्या. घरी शिकवण्यावर आमचं म्हणणं नाही. पण मुलाला शाळेत जायचंय."

मी म्हटलं, "त्यानं असं मला कधी सांगितलं नाही."

"आईला वाईट वाटेल म्हणाला. जुन्या शाळेत नको म्हणाला. त्याला कबड्डी खेळायची आहे. गाडीत कबड्डी खेळता येत नाही, असं म्हणाला."

मी उठताना त्यांनी आणखी एक सांगितलं. शाळा सुरू होईपर्यंत दिवसा आजोबांकडे राहशील का, असं त्यांनी त्याला विचारलं होतं. तो नाही म्हणाला. 

तेव्हा तुम्ही जिंकलात आणि मीही हरले नाही, असा कागद घेऊन आम्ही सगळे खाली उतरलो. तुम्ही रिक्षा शोधत होतात. मी गाडी थांबवली नाही.

दर्शना

मुलुंड, २३ मार्च २०२५

आबा,

हे पत्र लिहायचं नव्हतं. शुक्रवारच्या प्रकारामुळे लिहितेय.

आईकडून कळलंच असेल, धम्मू डिसेंबरपासून जवळच्या मराठी शाळेत जातो. बाकं जुनी, मैदान मोठं. मितूला नाही घातलं. तिनं स्वतः नको म्हटलं, तेव्हा ती जूनपर्यंत माझ्याबरोबर. बोरिवलीच्या पेशंटचं काम मी सोडलं. ते गृहस्थ आता भिंतीला धरून चालतात, दुसरी कुणीतरी त्यांना चालवते.

तुम्ही खूश असाल तर थांबा. जानेवारीत धम्मू शाळेतून आला आणि गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, "आज एकानं विचारलं, तू कोण?" मी गाडी नुकतीच रस्त्यावर काढली होती.

"मग?"

"मी सांगितलं."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, बाजूला बस मग. आणि हसला."

मी इंडिकेटर दिला, गाडी वळवायला. हेडमास्तरांकडे जायचं, आत्ताच्या आत्ता. धम्मूनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "आई, वळवू नकोस."

"अरे पण..."

"मी नाही उठलो जागेवरून. तोच उठला. तू येऊ नकोस ना प्लीज. मग मला परत गाडीत बसावं लागेल."

मागचे हॉर्न वाजवत होते. मी सरळ गेले. तुम्हाला वाटत असेल, बघा, माझा नातू. असेल. पण ते तुम्ही त्याला शिकवलं नाहीत, आणि मीही नाही. आपण दोघंही त्याला आपापल्या मापाचं काहीतरी घालायला बघत होतो. आणि एक ध्यानात ठेवा. तो चपलांजवळ बसला नाही म्हणून ते चांगलं झालं, असं मी मानत नाही. त्याला कुणी विचारायलाच नको होतं. दोन हजार पंचवीस साल आहे.

आता शुक्रवारचं. शाळा सुटताना तुम्ही गेटसमोर उभे होतात, रसवंतीच्या शेडच्या बाहेर. मी गाडीतून बघितलं. आईनं सांगितलं, तुम्ही याआधीही दोनदा येऊन गेलात. हातात काहीतरी पुडकं होतं. धम्मू मित्रांबरोबर बाहेर आला, तुम्हाला बघितलं, तुम्ही हात वर केलात. तो तुमच्या पुढून निघून आला. पळाला नाही, मान वळवली नाही, नेहमीसारखा चालत आला आणि मागे बसला.

मितू काचेला नाक लावून ओरडत होती, "आबा! दादा, आबा!"

मी म्हटलं, "धम्मू, जा, बोलून ये. आबा उन्हात उभे आहेत."

"काय बोलू?"

"काहीही. कबड्डीचं सांग."

त्यानं दप्तर मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "आई, त्या दिवशी त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. त्यांना माहीत होतं ना तेव्हा?"

 याचं उत्तर तुम्ही दिलं असतंत तर ऐकायला आवडलं असतं.

"चल ना," तो म्हणाला. मी गाडी सुरू केली.

माझा राग तुम्हाला ठाऊक आहे, तो येतो आणि ओसरतो. मे महिन्यातला कधीच गेला. नोव्हेंबरचाही थोडा कमी झालाय, हे मी तुम्हाला सांगणार नव्हते. पण धम्मूचा राग माझ्यासारखा नाही. तो भांडत नाही, आदळआपट करत नाही. तो तुमच्यासारखा आहे, आबा. एकदा दार लावलं की लावलं. त्याला कधी वाटेल की नाही, मला माहीत नाही, आणि मी त्याला जा म्हणणार नाही. एकदा म्हणाले, पुन्हा नाही. मितूला हवं तर आईनं खाली येऊन वर घेऊन जावं. रविवारी मी तिला तुमच्या बिल्डिंगखाली आणून सोडीन. वर येणार नाही.

तुम्हाला नातू शाळेत हवा होता. तो शाळेत आहे. रोज जातो, डबा संपवतो, गुडघे फोडून येतो.

गेटवर उभे राहू नका. ऊन तुम्हाला सोसत नाही, आणि तो थांबणार नाही.

दर्शना